वाइनच्या दुकानात आधी उजेड बघायचा

नव्या शहरात बिऱ्हाड थाटलं की डॉक्टर कोणता चांगला, केस कुठे कापायचे, हे कोणी ना कोणी सांगतंच. चांगली वाइन कुठे मिळते असं विचारलं की मात्र लोक हटकून सगळ्यात झगमगीत दुकानाचं नाव घेतात. आम्हालाही तेच सांगण्यात आलं. आमच्या घरी वाइन मी पिते. नवरा एक घोट घेऊन ग्लास माझ्याकडे सरकवतो, पण चीज, ऑलिव्ह तेल, व्हिनेगर असं काही निघालं की त्याच्या अंगात येतं. त्यामुळे दुकानांचा शोध जोडीनेच सुरू झाला, आणि दोघांची गरज वेगळी असल्यामुळे तो लांबतही गेला.

त्या झगमगीत दुकानाला रस्त्याच्या बाजूने जमिनीपासून छतापर्यंत काच होती. दुपारचं ऊन थेट आत येत होतं आणि त्या उन्हात नामांकित बाटल्या ओळीने उभ्या केलेल्या होत्या. आतल्या फडताळांवर वरून दिवे सोडलेले. दिसायला देखणं, फोटो काढावेत असं. पण वाइनचे वैरी तीन: उजेड, उष्णता आणि हवा. त्यातले दोन इथे दरवाज्यातच स्वागताला उभे होते.

उजेडाचं लोक फारसं मनावर घेत नाहीत. वाइनमध्ये रायबोफ्लेविन म्हणजे ब जीवनसत्त्वातला एक घटक असतो. त्याच्यावर निळसर आणि अतिनील किरण पडले की रासायनिक क्रिया सुरू होते आणि गंधकाची संयुगं तयार होतात. मग वाइनला उकडलेल्या कोबीसारखा वास येऊ लागतो. हिरव्या किंवा तपकिरी काचेत हे उशिरा होतं, पांढऱ्या काचेत फार लवकर. रोदरेर या घराण्याची ‘क्रिस्टल’ नावाची शॅम्पेन १८७६ मध्ये रशियाच्या झार अलेक्झांडर दुसऱ्यासाठी पारदर्शक बाटलीत भरली गेली. बाटली आजही पारदर्शकच आहे, पण विकताना तिच्याभोवती पिवळसर पारदर्शक कागद गुंडाळलेला असतो. तो शोभेचा नाही, उजेड अडवायला आहे. आणि मी अशी दुकानं पाहिली आहेत जिथे मालाचा रुबाब दिसावा म्हणून तो कागद काढून बाटली दिव्याखाली ठेवतात.

उष्णतेची खूण तर डोळ्यांनी दिसते, फक्त कुठे बघायचं ते ठाऊक हवं. वाइन साधारण १२ ते १३ अंश सेल्सिअसला सुखी असते. ती तापली की फुगते, आणि बाटलीत जागा नसल्यामुळे बूच वर ढकलते. त्या दुकानात मी एक बाटली हातात घेतली आणि तोंडावरच्या वेष्टनावरून अंगठा फिरवला. ते सपाट असायला हवं. इथे मधोमध किंचित उंचवटा लागला. बाटली तिरकी करून पाहिली, तर वेष्टनाच्या कडेखालून मानेवर एक बारीक तपकिरी ओघळ उतरून वाळलेला. बोट लावलं तर चिकट. वाइन बाहेर आली होती, म्हणजे तेवढी हवा आत गेली होती. विक्रेत्याला दाखवलं. तो म्हणाला, ‘‘मॅडम, ही मोठी वाइन आहे, हिला काही होत नाही.’’ होतं. उलट मोठीलाच जास्त होतं, कारण ती वर्षानुवर्षं ठेवण्यासाठीच घेतात.

तेव्हापासून माझी पद्धत ठरून गेली. दुकानात शिरल्यावर पहिली काही मिनिटं नावं वाचायचीच नाहीत. खिडकी कुठल्या दिशेला आहे? आत शिरल्यावर अंगावर काय येतं, गारवा की ऊब? बुचाच्या बाटल्या आडव्या आहेत का? (बूच ओलं राहिलं नाही तर आक्रसतं. आट्याच्या झाकणाच्या बाटल्या उभ्या असल्या तरी चालतात, त्यावरून दुकानदाराला नावं ठेवू नयेत.) वरच्या फळीवर काय ठेवलंय? उष्ण हवा वर जाते, त्यामुळे महागडी बाटली हाताला लागू नये म्हणून सगळ्यात वर ठेवणारा दुकानदार चोरापासून ती वाचवतो आणि उन्हाळ्याच्या तोंडी देतो. धुळीवरून मात्र काही ठरवू नये. धूळ बसलेली बाटली म्हणजे जपलेली बाटली असा एक समज आहे. पुष्कळदा ती नुसती न खपलेली असते.

शेरी हा माझा दुसरा निकष. स्पेनमधल्या हेरेस भागातली फिनो आणि शेजारच्या सानलुकारची मान्सानिया या फिक्या, कोरड्या म्हणजे गोड नसलेल्या शेऱ्या पिंपात असताना त्यांच्यावर यीस्टची साय धरते. तिला ‘फ्लोर’ म्हणतात. ही साय वाइनला हवेपासून वाचवते. बाटलीत भरल्यावर साय नाही, संरक्षण नाही. ती ताजी प्यायची वाइन आहे, आणि उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवून काही दिवसांत संपवायची. म्हणून मी विचारते, ‘‘ही कधी भरलेली आहे?’’ बहुतेक ठिकाणी उत्तर येतं, ‘‘शेरी खराब होत नाही हो.’’ ओलोरोसोसारख्या गडद शेरीबद्दल ते बऱ्याच अंशी खरं आहे, माडेरा या पोर्तुगीज वाइनबद्दल तर पुष्कळच. फिनोबद्दल अजिबात नाही. ज्याने मुकाट्याने बाटली उलटवून मागचा भरणीचा आकडा शोधला, त्याच्याकडे मी पुन्हा गेले.

हा शोध नकाशावर ‘वाइन शॉप’ टाकून लागत नाही. तसं करून बघितलं. साखळी दुकानं आणि बिअरचे गुत्ते यांच्या गर्दीत खरी दुकानं बुडून जातात, आणि तारे देणारे लोक बहुधा सवलतीला तारे देतात. उपयोगी पडलं ते बाटलीचं मागचं लेबल. एका लहानशा उपाहारगृहात पेल्याने मिळणारी पांढरी वाइन मला फार आवडली. वाढणाऱ्या मुलाला बाटली दाखवायला सांगितली. पुढचं लेबल द्राक्षमळ्याचं, ते सगळे वाचतात. मागे छोट्या अक्षरांत आयातदाराचं नाव असतं. चांगला आयातदार मळे स्वतः चाखून निवडतो आणि माल थंड कंटेनरमधून आणतो. म्हणजे एका आयातदाराच्या दोन बाटल्या आवडल्या तर तिसरी डोळे मिटून घ्यायला हरकत नाही. त्या आयातदाराला मी लिहिलं, की तुमचा माल शहरात कोण ठेवतं. दुसऱ्या दिवशी यादी आली. त्यात झगमगीत दुकान नव्हतं.

यादीतलं पहिलंच दुकान एका निवांत गल्लीत, तीन-चार पायऱ्या उतरून, अर्धं जमिनीखाली. दर्शनी भागात एकही बाटली नाही. आत शिरल्यावर स्वेटर हवा होता असं वाटलं, आणि मला बरं वाटलं. मालक पन्नाशीच्या पुढचे. गल्ल्यावर एक जाडजूड वही उघडी.

‘‘काय बघताय?’’ वगैरे काही नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘‘कधी उघडणार?’’

‘‘आज संध्याकाळी.’’

‘‘मग ही सगळी भिंत सोडा,’’ असं म्हणून त्यांनी दुकानाचा महागातला अर्धा भाग एका हाताने बाजूला सारला. ‘‘या अजून मुरलेल्या नाहीत. आज उघडाल तर नुसतं तुरट लागेल आणि तुम्ही मला शिव्या द्याल. इकडे या.’’

माझं बजेट त्यांनी नंतर विचारलं, आणि विचारताना आवाज उतरवला नाही की चढवला नाही. मी म्हटलं, रिस्लिंग द्राक्षाची पांढरी वाइन हवी, पण गोड नको, आणि जर्मन लेबल मला वाचता येत नाही. त्यावर त्यांनी दोन सारख्या उंच, सडपातळ बाटल्या पुढ्यात ठेवल्या. ‘‘वाचू नका. अल्कोहोलचा आकडा बघा.’’ एकीवर ८ टक्के, दुसरीवर १२. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल करतं. आकडा ८ वर थांबलाय, म्हणजे यीस्टचं काम मध्येच थांबवलंय, साखर आत शिल्लक आहे. १२ म्हणजे जवळजवळ सगळी खाऊन टाकली. ‘काबिनेट’, ‘श्पेटलेझे’ हे शब्द गोडी सांगत नाहीत, तोडणीच्या वेळी द्राक्षात साखर किती होती ते सांगतात. कोरडी हवी असेल तर ‘ट्रोकन’ शोधायचं आणि तो आकडा बघायचा. जर्मन न शिकता जर्मन वाइन घ्यायची एवढी सोपी वाट मला आधी कोणी दाखवली नव्हती.

शॅम्पेनच्या बाबतीतही त्यांनी असाच एक कोपरा दाखवला. लेबलावर तळाशी बारीक अक्षरांत एक क्रमांक असतो, त्याच्या आधी दोन अक्षरं. ‘आरएम’ असेल तर द्राक्षं पिकवणाऱ्यानेच वाइन केली आहे. ‘एनएम’ असेल तर द्राक्षं विकत घेणारं घराणं आहे. मोठी प्रसिद्ध नावं बहुतेक ‘एनएम’. त्यात कमीपणा काही नाही, फक्त आपण कशाचे पैसे देतोय ते कळतं. आणि ‘एक्स्ट्रा ड्राय’ लिहिलेली शॅम्पेन ‘ब्रूट’पेक्षा गोड असते, हे तर लेबल लिहिणाऱ्यांनी लोकांची गंमत करायला ठेवलंय असंच मला वाटतं. ब्रूटमध्ये लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर, एक्स्ट्रा ड्रायमध्ये १२ ते १७.

त्या वहीबद्दल मी विचारलं. कोणी काय नेलं, परत येऊन काय म्हणालं, ते त्यात लिहिलेलं असतं. ‘‘माझ्या लक्षात राहत नाही आणि गिऱ्हाइकाच्या तर त्याहून नाही. हिरव्या लेबलवाली द्या म्हणतात.’’ गिऱ्हाइकांची नोंद ठेवण्याची खोड या धंद्याला जुनीच आहे. लंडनमधलं बेरी ब्रदर्स अँड रड हे दुकान १६९८ पासून चालू आहे. ते सुरू झालं कॉफीचं दुकान म्हणून, आणि कॉफी तोलायच्या मोठ्या काट्यावर पुढे गिऱ्हाइकांचीच वजनं करून वह्यांत लिहून ठेवत. इंग्रज कवी लॉर्ड बायरनचं वजनही त्यात आहे. आमच्या मालकांनी अजून माझं वजन केलेलं नाही, पण दुसऱ्या खेपेला माझं नाव न विचारता त्यांनी वहीचं बरोबर पान काढलं.

दर शनिवारी ते कागदी पिशव्यांत गुंडाळलेल्या बाटल्यांतून थोडी थोडी वाइन ओततात. काय आहे ते शेवटी सांगतात. मला आधी वाटलं, ही नुसती करमणूक. मग एकदा जिला मी फ्रान्सची म्हणून हात वर केला ती निघाली भलतीकडची, आणि शेजारी उभा असलेला, स्वतःला जाणकार म्हणवणारा गृहस्थ तर माझ्याहून लांब गेला होता. वाइनच्या जगाला हा धक्का एका दुकानदारानेच दिला होता. स्टीव्हन स्परियर हा इंग्रज पॅरिसमध्ये वाइनचं दुकान चालवायचा. २४ मे १९७६ रोजी त्याने फ्रेंच परीक्षकांना झाकलेल्या बाटल्यांतून फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन पाजल्या. पांढऱ्यात शातो माँटेलीना पहिली आली, लालमध्ये स्टॅग्ज लीप, दोन्ही १९७३ च्या, दोन्ही कॅलिफोर्नियाच्या. शहरात इतरत्र चाखण्याचे कार्यक्रम होतात, मी त्यांना जाऊन आले. तिकीट, गर्दी, परफ्यूमचा घमघमाट. परफ्यूममध्ये वाइनचा वास काय डोंबल कळणार.

निघताना मी त्यांना एक प्रश्न टाकला आणि पुढची सगळी वाट त्याने उघडली: ‘‘तुम्ही स्वतः घरी चीज कुठून नेता?’’

दुकानदाराला ‘शहरात चांगलं काय’ असं विचारलं तर तो ओळखीच्याचं नाव घेतो. स्वतः कुठे पैसे मोजतो असं विचारलं तर क्षणभर थांबतो आणि मग खरं सांगतो. त्यांनी चीजवाल्याचं नाव दिलं, चीजवाल्याने पाववाल्याचं, पाववाल्याने तेलवाल्याचं. यांतलं एकही दुकान आम्हाला शोधून सापडलेलं नव्हतं.

चीजवाल्याकडे आम्ही पोचलो तो पारमिजानो रेज्जानो या इटलीच्या कडक चीजचं चाक फोडायच्या तयारीत होता. चाळीसेक किलोचं चाक, सालीवर टिंबाटिंबांनी गोल फिरवून नाव उमटवलेलं, आणि बाजूला कुठल्या महिन्यात, कुठल्या वर्षी केलं त्याचा शिक्का. नवऱ्याने माझ्या हातात पिशवी दिली आणि तो काउंटरला चिकटला. चीजवाल्याने आधी आकडीसारख्या टोकाच्या सुरीने सालीवर एक सरळ रेघ कोरली. वरून, बाजूने, मग चाक उलटून खालून. मग बदामाच्या आकाराची आखूड सुरी रेघेत रोवली, दुसरी समोरच्या बाजूला रोवली आणि दोन्ही हलक्या हाताने पिळल्या. कापायचं नाही, सुरी फक्त वाट करून देते. काही वेळ काहीच झालं नाही. मग आतून करकर आवाज आला आणि चाकाचे दोन भाग झाले. आतला पृष्ठभाग सपाट नव्हता, खडबडीत, रवाळ, मधूनमधून पांढरे ठिपके. अख्ख्या दुकानात अननसासारखा गोडसर वास पसरला.

‘‘मीठ आहे ते?’’ नवऱ्याने ठिपक्यांकडे बोट दाखवून विचारलं.

‘‘नाही. टायरोसिन. प्रथिनं मोडतात तशी त्यातली अमिनो आम्लं स्फटिक होऊन बसतात. वय झाल्याची खूण.’’ त्याने एक तुकडा काढून दिला. ‘‘दाताखाली घ्या, कुरकुरेल.’’

पारमिजानोला कमीत कमी १२ महिने मुरवावंच लागतं. त्याच्याकडे दोन वर्षांचं होतं आणि त्याहून जुनंही. जुनं ते चांगलं असं नाही, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. नुसतं खायला दोन वर्षांचं, किसायला जुनं. फ्रान्सच्या कोंतेबद्दल तर तो वय सोडून ऋतू सांगायला लागला. उन्हाळ्यात गाई ताजं गवत खातात, त्यातल्या कॅरोटीनमुळे चीज पिवळं निघतं. हिवाळ्यात वाळलेला चारा, चीज फिकट. दोन तुकडे शेजारी ठेवले तर लांबूनही फरक कळत होता. कोंतेच्या प्रत्येक खेपेला २० पैकी गुण देतात. १४ च्या वर असेल तर कडेला हिरवा पट्टा लागतो, १२ ते १४ असेल तर तपकिरी, त्याखाली गेलं तर ते कोंते म्हणून विकताच येत नाही. शाळा सुटली तरी गुणपत्रिका सुटत नाही.

चीजच्या दुकानाची परीक्षा मी त्याच्याकडेच शिकले. सगळं आधीच कापून प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ठेवलं असेल तर परत फिरावं. त्यात चीजला श्वास घेता येत नाही, घाम सुटतो आणि शेवटी सगळ्याला प्लॅस्टिकची चव येते. समोर कापून, मेण लावलेल्या कागदात देणारा हवा. ब्रीसारख्या मऊ चीजला वास येणारच, पण नाकात झोंबणारा अमोनिया आला तर ते पिकून पुढे गेलंय. चाखायला मागितलं तर कपाळाला आठ्या पडता कामा नयेत. आणि १०० ग्रॅम मागितलं तर १०० ग्रॅमच द्यावं. ‘‘चारच दिवसांचं न्या, संपलं की या,’’ असं सांगणाऱ्या माणसाचा धंदा कसा चालतो, असा प्रश्न नवऱ्याला पडला होता. आता महिन्यातून किती वेळा आम्ही तिथे असतो ते पाहता तो प्रश्न मिटला आहे.

उंची खाद्यपदार्थांच्या मोठ्या दुकानांबद्दल माझं मत थोडं कडवट आहे. तिथला माल वाईट नसतो, पण तो हलत नाही. भेटीच्या टोपल्यांत जातील अशा सुबक बाटल्या वर्षभर फडताळावर बसून असतात. ट्रफल म्हणजे जमिनीखाली उगवणारी महागडी अळंबी; तिच्या तेलाचंच उदाहरण घ्या. बहुतेक बाटल्यांमध्ये ट्रफलचा संबंध नावापुरता. वास येतो तो २,४-डायथायापेंटेन या प्रयोगशाळेत केलेल्या संयुगाचा. बाटलीत तळाशी एखादी काळी चकती पडलेली असते ती साक्षीला. घटकांच्या यादीत ‘सुगंध’ असं लिहिलेलं दिसलं की पुढे चालू लागावं.

बाल्सामिक व्हिनेगरचं जरा वेगळं. तिथे दोन अगदी निराळ्या वस्तू एका नावाखाली विकल्या जातात. इटलीतल्या मोदेनाचं ‘त्रादित्सियोनाले’ म्हणजे पारंपरिक बाल्सामिक केवळ शिजवलेल्या द्राक्षरसाचं, लहान होत जाणाऱ्या लाकडी पिंपांतून कमीत कमी १२ वर्षं मुरलेलं. ‘एक्स्ट्राव्हेक्यो’ असेल तर २५. ते १०० मिलीच्या एकाच ठरावीक, गोलसर पोटाच्या बाटलीत येतं. ही बाटली जोर्जेत्तो जुजारो यांनी आखली आहे, पहिली फोक्सवॅगन गोल्फ गाडी ज्यांनी आखली तेच. साधं ‘मोदेनाचं बाल्सामिक’ म्हणजे वाइनचं व्हिनेगर आणि द्राक्षरस यांचं मिश्रण, त्याला ६० दिवस पुरतात. रोजच्या सॅलडला ते उत्तम. घटकांत द्राक्षरस आधी लिहिलेला असेल तर दाट आणि गोडसर, व्हिनेगर आधी असेल तर पातळ आणि आंबट. लेबलावर मोठ्ठा ‘१२’ छापलेला दिसला तरी ती वर्षं असतीलच असं नाही. बाटलीचा आकार बघा, तिथे लबाडी चालत नाही.

तेलाच्या दुकानात मात्र मी एरवीपेक्षा जास्त वेळ उभी राहिले. पाववाल्याने पाठवलेली ती बाई फक्त ऑलिव्ह तेल, डबाबंद मासे आणि थोडा पास्ता विकते. खोली अंधारी, तेल पत्र्याच्या डब्यांत किंवा काळ्या बाटल्यांत. तिने आम्हाला दोन छोटे निळे पेले दिले. तेल चाखायचे पेले मुद्दाम गडद निळ्या काचेचे असतात, रंग दिसू नये म्हणून. हिरवं दिसलं की माणसाला ते चांगलंच वाटायला लागतं, आणि रंगाचा दर्जाशी संबंध नाही. तळाशी थोडंसं तेल, पेला एका तळहातावर, दुसरा तळहात वर झाकण म्हणून. हाताच्या उबेने तेल कोमट होईपर्यंत गोल फिरवायचं. मग हात काढून नाक आत. पहिल्या पेल्यात ताज्या कापलेल्या गवताचा वास. मग छोटा घोट, आणि दात थोडे विलग ठेवून हवा आत ओढायची, सुर्र असा आवाज येईल अशी. नवऱ्याने घोट घेतला, क्षणभर काही नाही, आणि मग त्याला असा ठसका लागला की डोळ्यांत पाणी आलं.

‘‘खराब आहे हे!’’

‘‘ताजं आहे,’’ ती शांतपणे म्हणाली. घशात जे झोंबतं ते ओलिओकँथल. आयबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळी शरीरात जी क्रिया अडवते तीच हेही अडवतं, हे शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये दाखवून दिलं. तेल जुनं होत जातं तसा तो झणका कमी होतो. दुसऱ्या पेल्यात तिने मुद्दाम जुनं तेल दिलं होतं. गुळगुळीत, घशाला काहीच नाही, आणि शेवटी जिभेवर मेणाच्या खडूसारखी चव राहिली. खवट. गंमत म्हणजे कुठलं ताजं ते न सांगता विचारलं असतं तर बऱ्याच जणांनी हे दुसरंच चांगलं म्हटलं असतं, कारण सुपरमार्केटातून आपण वर्षानुवर्षं हेच आणत आलोय.

तिच्याकडून शिकलेली गोष्ट अशी की ‘बेस्ट बिफोर’ बघून काही कळत नाही. ती तारीख सहसा बाटली भरल्यापासून मोजतात, आणि तेल त्याआधी टाकीत कितीही दिवस पडलेलं असू शकतं. ऑलिव्ह तोडल्याची तारीख हवी. लिहिलेली नसेल तर विचारायची. ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ म्हणवायला मुक्त आम्लाचं प्रमाण ०.८ टक्क्याच्या आत लागतं आणि चाखणाऱ्यांना दोष सापडता कामा नये. पण ही कसोटी झाल्यानंतर दुकानदाराने तेल उन्हात ठेवलं तर ती कोण पुन्हा करतंय?

पास्त्याबद्दल तिचं एकच वाक्य होतं: पृष्ठभाग पिठासारखा खरखरीत दिसला तर घ्या, काचेसारखा चकचकीत दिसला तर राहू द्या. काश्याच्या साच्यातून दाबून, हळू वाळवलेल्या पास्त्याला सॉस चिकटतो, तोच हा. सार्डिनच्या डब्यांवर वर्षं लिहिलेली पाहून मला हसू आलं, तर म्हणाली, तेलात मुरून मासा वर्षागणिक मऊ होत जातो, अधूनमधून डबा उलटा करत जा. अँचोव्हीच्या बाटल्या मात्र तिच्या फ्रिजमध्ये होत्या. त्या नुसत्या मिठात-तेलात असतात, शिजवून निर्जंतुक केलेल्या नसतात. झगमगीत दुकानात त्या दिव्याखाली, केपर्सच्या शेजारी उभ्या असतात.

आता राहिली दुकानाची शेवटची परीक्षा, आणि ती आपल्या हातात नसते. तळघरातल्या दुकानातून आणलेली एक लाल वाइन उघडली आणि ग्लास नाकाशी नेताच कळलं. बंद खोलीत भिजून राहिलेल्या पुठ्ठ्याचा कुबट वास. फळाचा वास पार गायब. यामागचं टीसीए नावाचं रसायन हान्स टॅनर यांनी १९८१ मध्ये ओळखलं. बुचात बुरशी आणि क्लोरीनयुक्त संयुगं एकत्र आली की ते तयार होतं, आणि एक लाख कोटी भागांत दोन-चार भाग इतकं असलं तरी नाकाला पुरतं. यात दुकानदाराचा दोष नसतो, वाइन करणाऱ्याचाही नसतो. प्रश्न एवढाच, की तो बाटली परत घेतो का. दुसऱ्या एका दुकानात मला यावर ‘‘ही चव अशीच असते, सवय लागते’’ असं ऐकवलं गेलं होतं. तिथे मी पुन्हा गेले नाही.

यावेळी मी बूच लावून, उरलेल्या वाइनसकट बाटली घेऊन गेले. अर्ध्याहून जास्त होती. रिकामी बाटली परत नेण्यात अर्थ नसतो. मालकांनी पेल्यात बोटभर ओतली, नाकाशी नेली आणि लगेच पेला बाजूला ठेवला. ‘‘गेली आहे.’’ वहीत तारीख टाकली, बाटलीवर चिठ्ठी लावून आयातदाराकडे परत पाठवायच्या खोक्यात ठेवली, आणि आतून तीच वाइन, तेच साल, घेऊन आले. पैशांचा विषयच निघाला नाही.

नवरा तोवर मागच्या फडताळापाशी उभा होता. त्याने विचारलं, ‘‘हिच्यासोबत चीज कुठलं चालेल?’’

‘‘चीजचं मला नका विचारू, त्यालाच विचारा,’’ मालक नवी बाटली कागदात गुंडाळत म्हणाले. ‘‘पण आज सोमवार. आज त्याचं दुकान बंद असतं.’’